भेगेवरची काच

ती दारातून आत आली, तेव्हा तो भिंतीला तळहात टेकवून, डोळे अर्धवट मिटून स्तब्ध उभा होता.

"भिंतीला ताप आहे का?" तिने विचारले.

त्याने मान वळवली, पण हात काढला नाही. "प्लास्टर ओलं आहे... पकडेपर्यंत हलता येत नाही."

"बोलता येतं ना?"

"येतं."

"मग नाडी कशी चालली आहे, तेवढं तरी सांगा."

खाटेवर उशीला टेकून बसलेले शिंपीकाका हसले. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला काही केल्या थांबेना. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, त्यांच्या पाठीला हाताचा आधार दिला आणि कागदाची एक पातळ पट्टी त्यांच्या ओठांसमोर धरली. "काका, उडवायची नाही. नुसती वाकवायची. अशी..." तिने ओठांचा चंबू करून फुंकर घातली. पट्टी झुकली आणि झुकलेलीच राहिली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या लक्षात आले, की आपणही नकळत ओठ तसेच केले आहेत. त्याने ते घाईने मिटले. तिने ते पाहिले होते.

ही वसाहत एका कल्याणकारी संस्थेची. निवृत्त कामगार, एकटे वृद्ध, तुटपुंज्या मिळकतीची कुटुंबे अशांसाठी बांधलेली. तीन मजली, लांबलचक आणि आता बरीच जुनी. तो संस्थेचा इमारत-तपासनीस. वसाहतीतले लोक त्याला पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हे नाव त्याच्याही कानावर आले होते आणि त्याला त्यात वावगे काही वाटले नव्हते. ओळंबा कधी खोटे सांगत नाही. मात्र झोके घ्यायचा थांबल्याशिवाय तो काहीच सांगत नाही, ही त्याची दुसरी बाजू त्याच्या ध्यानात आली नव्हती.

ती तिथली आरोग्यसेविका. दम्याच्या, क्षयातून उठलेल्या, उतारवयाने धाप लागणाऱ्या माणसांना श्वास कसा घ्यावा आणि मुख्य म्हणजे कसा सोडावा, हे ती घरोघरी जाऊन शिकवी. तिला सगळे तोंडावरच 'फुंकरताई' म्हणत.

प्लास्टर पकडले. त्याने हात काढला. भिंतीत छतापासून खिडकीपर्यंत उतरलेल्या तिरप्या भेगेवर बोटभर रुंदीची एक काचेची पट्टी आडवी बसली होती; दोन्ही टोके प्लास्टरमध्ये रुतलेली, मधला भाग मोकळा.

"हा दागिना कशासाठी?" तिने विचारले.

"भेग अजून चालते आहे की थांबली आहे, ते कळावं म्हणून. भिंत जरा जरी सरकली तरी काच ताण सोसत नाही, फुटते."

"आणि नाही फुटली तर?"

"तर भेग थांबलेली आहे. मग भरायची. चालती भेग वरवर भरली तर ती पुन्हा उघडते... आधीपेक्षा वाईट."

"वाट किती दिवस पाहायची?"

"वर्षभर. सगळे ऋतू एकदा भिंतीवरून जायला हवेत."

"काकांच्या छातीला विचारलंत का, तिला वर्षभर जमेल का? या भिंतीला बोट लावा. ओल आहे. रात्रभर काका ही हवा ओढतात."

त्याने बोट लावले. बाहेर जाऊन वर पाहिले आणि तो परत आला. "ओल भेगेतून नाही. पावसाच्या पाण्याचा पाइप सांध्यात सुटला आहे. त्याला थांबायची गरज नाही. उद्या बसवतो." आणि मग काचेकडे बोट करून त्याने दोघांनाही बजावले, "ही मात्र फुटलेली दिसली, की त्याच क्षणी मला कळवायचं. भिंतीचा भरवसा नसतो. मी हातातलं काम टाकून येईन."

"हातातलं काम टाकून?"

"हो."

"नशीबवान आहे बाई भिंत," ती म्हणाली आणि काकांची नाडी मोजण्यात गढून गेली.

दुसऱ्या दिवशी पाइप खरोखरच बसला. हे त्या वसाहतीत इतके नवलाचे होते, की शिंपीकाकांनी ते दोन मजल्यांवर जाऊन सांगितले आणि धाप लागल्यामुळे फुंकरताईची बोलणी खाल्ली.

वसाहतीच्या फाटकापाशी एक काळा फळा होता. पाणी कधी येणार, रक्तदाबाची तपासणी कुठे, कोणाच्या घराची डागडुजी मंजूर झाली अशा बातम्या त्यावर खडूने लिहायचे काम तिनेच मागून घेतले होते. महिन्याची तपासणी करायला तो आला, त्या सकाळी फळ्यावर लिहिले होते: 'जिना धुतला आहे, जपून चढावे. दुपारी श्वसनवर्ग. ओळंबा आज येत आहेत. भिंतींनी सरळ उभे राहावे.'

तो फळ्यासमोर बराच वेळ थांबला. मग आत जाऊन गंभीरपणे म्हणाला, "पूर्वेकडच्या भिंतीनं सूचना पाळलेली नाही."

तिने चमकून पाहिले आणि तोंडावर हात धरून हसली. हा माणूस विनोद करू शकतो, हे तिला ठाऊक नव्हते. खरे तर त्यालाही नव्हते.

त्यानंतर दर महिन्याला, तो काच पाहायला येई त्याच दिवशी तिचीही काकांकडे फेरी असे. ठरवलेले कोणीच नव्हते. काका चहा टाकत. खाटेच्या एका टोकाला ती, शिलाईयंत्राच्या स्टुलावर तो आणि मध्ये काकांची बडबड. तो भिंगातून काच पाही. ती विचारी, "काय म्हणते?" तो म्हणे, "शाबूत आहे." ती म्हणे, "जिद्दीची आहे." एवढेच बोलणे, पण ते झाले नाही, तर महिना पुरा झाल्यासारखा वाटत नसे.

हळूहळू त्याला तिच्याबद्दल बऱ्याच गोष्टी कळल्या. आईच्या धापेपायी ती लहानपणी रात्ररात्र जागली होती, म्हणून हे काम. चहा ती नेहमी गार करून पिते. फुंकर मात्र घालत नाही, "दिवसभर तेच करते" म्हणून. पाऊस लागला, की खिडकीच्या गजांना बाहेरून लोंबणारे थेंब ती बोटाने एकेक टिपते. तिचे बोट त्या थेंबापाशी जाऊन थबके... आणि भिंगातून भेग पाहणाऱ्या माणसाची नजर भेगेवरून घसरे.

"इंजिनिअर," काका एकदा ती गेल्यावर म्हणाले, "माप घेऊन ठेवलंय का नुसतं? कापड कापणार कधी?"

"काका, काही गोष्टींना वेळ द्यावा लागतो."

"मी चाळीस वर्षं कपडे शिवले. वेळ देत बसलो असतो, तर नवरदेव उघडे बोहल्यावर चढले असते."

तो नुसता हसला. उत्तर त्याच्यापाशी होते. काही वर्षांपूर्वी त्याचे लग्न ठरले होते. घाईघाईने, दोन भेटींत. तितक्याच घाईने ते मोडले. मोडणाऱ्या मुलीचा दोष नव्हता, त्याचाही नव्हता. फक्त कोणी थांबून पाहिले नव्हते. त्या दिवसापासून त्याने मनाशी ठरवले होते, की पुन्हा असे काही झालेच तर आधी खात्री करायची. हे नुसते ऋतूपुरते तर नाही ना, ते पाहायचे.

घरी वहिनीने ओळखलेच. "भावोजी, हल्ली महिन्यातून एकदा शर्टाला इस्त्री होते. भिंतींना आवडते का?"

"वहिनी, वाढता का आता?"

"वाढते. पण एक सांगते, तुमच्या दादानं थांबून पाहिलं असतं ना, तर मी आज दुसऱ्याच कोणाच्या घरात वाढत असते."

थंडी सरत आली होती. त्या महिन्यात चहा झाला, काच शाबूत निघाली, तरी ती पिशवी उचलेना. काका शेजारी साखर मागायला गेले होते. साखरेचा डबा भरलेला होता, हे दोघांनाही दिसत होते.

"मला एका ठिकाणी बोलावलंय," ती म्हणाली. "डोंगरावर... छातीच्या विकारांचं रुग्णालय आहे. राहायला जागा, हाताखाली माणसं. महिनाभरात हो-नाही कळवायचंय."

"अरे वा. संधी चांगली आहे."

"आहे."

"तिथली हवाही कोरडी असेल."

"असेल." तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "लांब आहे, पण. एकदा गेलं, की गेलं. काका म्हणतात जाऊ नकोस. मी म्हटलं, थांब म्हणणारं कोणी असेल, तर थांबेन..."

बाहेर कुणीतरी बादली भरत होते. पाण्याचा आवाज हळूहळू चढत गेला. त्याने काचेकडे पाहिले, मग तिच्याकडे. शब्द ओठांपर्यंत आलेले होते. वर्ष भरायला अजून एक पावसाळा बाकी होता.

"नीट विचार करून ठरवा," तो म्हणाला. "घाई करू नका. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा... बोलू आपण."

"बोलू?"

"बोलू."

ती उजळली. खरोखर उजळली, पुढे अनेकदा त्याला तो चेहरा आठवला. "मग मी वाट पाहते," असे म्हणून ती गेली आणि त्या दिवशी फळ्यावरची अक्षरे जरा मोठी आली.

परंतु पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका वसाहतीचे छत अवकाळी पावसाने गळू लागले आणि संस्थेने त्याला तिकडे पाठवले. तपासणी पुढे ढकलल्याचा निरोप त्याने कार्यालयामार्फत दिला. निरोप व्यवस्थित होता. तारीख, कारण, सगळे होते. तिच्यासाठी त्यात एक शब्द नव्हता, कारण कार्यालयाच्या निरोपात असे शब्द घालण्याची पद्धत नसते.

छतावर असतानाच त्याला फोन आला. तिचाच आवाज होता. "काच फुटली."

तो हातातले काम टाकून निघाला. पावसात, भिजत, दोन वाहने बदलून पोहोचला. खोलीत ती एकटीच होती. काकांना तिने श्वसनवर्गाला पाठवले होते. केस नीट विंचरलेले होते. दोन कपांत चहा ओतून ठेवलेला होता. तो तडक भिंतीपाशी गेला.

भिंग काढले. भेगेच्या दोन्ही काठांवर त्याने पूर्वीच पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. अंतर मोजले, जराही वाढलेले नव्हते. काच मधोमध, आतल्या बाजूला चेपून फुटली होती. भिंत सरकली असती, तर ती ताणाने टोकाशी तुटली असती. ही समोरून दाबली गेली होती. त्याने मागे वळून पाहिले. तिच्या उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती.

"हे तुम्ही केलंत."

"हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती हसण्याच्या बेतात होती. "तुम्हीच म्हणाला होतात ना, की काच फुटली, तर..."

"काकांना संस्थेच्या नव्या इमारतीत जागा मिळावी म्हणून. भिंत धोक्याची ठरली, की मिळते, हे मला ठाऊक आहे. तुमचा हेतू चांगला आहे." त्याचा आवाज संथ होता, दुखावलेला होता. "पण अशानं सगळी पाहणीच खोटी ठरते. खाली-वर अकरा कुटुंबं राहतात. माझ्या शब्दावर झोपतात ती."

तिचे हसू ओठांवर आले होते, तिथेच थांबले.

"तुम्ही भिंतीबद्दलच बोलणार आहात?"

"मग कशाबद्दल?"

खिडकीच्या गजावर थेंब लोंबत होते. तिने एकही टिपला नाही. "कशाबद्दलच नाही," ती म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

त्याने आधी काम केले. जुने तुकडे काढले, जागा घासली, नवी पट्टी बसवली आणि तळहात टेकवून उभा राहिला. ती दारात उभी होती.

"म्हणजे वर्ष पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"बरं," ती म्हणाली. प्लास्टर पकडायच्या आत ती निघून गेली. त्याला हात काढता येत नव्हता.

चार दिवसांनी वाईट वाटून तो सवडीने पुन्हा आला. आपण फार कठोर बोललो, असे त्याला म्हणायचे होते. आणि जमले तर त्यापुढचेही. फाटकातल्या फळ्यावर तिच्याच अक्षरात लिहिले होते: 'आजपासून श्वसनवर्ग नव्या ताई घेतील. सर्वांनी नियमित यावे. श्वास घाईने सोडू नये.' बाकी भिंतींबद्दल काही नव्हते.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा आला. दर महिन्याला तो येई, काच पाही, शाबूत असे. काय म्हणते, असे कोणी विचारत नसे. काका चहा देत, पण पूर्वीसारखे बोलत नसत. त्याला वाटे, काकांनाही ती गेल्याचे दुःख आहे. तिला लिहावे, असे त्याच्या अनेकदा मनात आले. पण खोटेपणाचा आळ घेतल्यावर लिहायचे काय, हे सुचत नसे.

वर्ष पुरे झाले. भेग थांबलेली होती; बहुधा पहिल्या दिवसापासूनच थांबलेली होती. तो थापी आणि मसाला घेऊन भेग भरायला बसला.

"काका, भिंत सुरक्षित आहे. नवी जागा मात्र आता मिळणार नाही. तुमच्यासाठी तिनं जे केलं, ते वाया गेलं."

काका सुईत दोरा ओवत होते. "माझ्यासाठी कोणी काय केलं?"

"काच फोडली ना."

"माझ्यासाठी?" काकांनी सुई खाली ठेवली. "मी त्याआधीच तिला सांगितलं होतं, मला नको नवी जागा. या खिडकीतला उजेड सोडून मी कुठे जाऊ? डोळ्यांचं काम माझं." ते त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. "इंजिनिअर... दुसऱ्या दिवशी तिला रुग्णालयाला कळवायचं होतं. तुम्ही येणार नाही, असा निरोप आलेला. पोर दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, काका, एकच उपाय आहे, काच फुटली तर ते हातातलं काम टाकून येतात. मला वर्गाला पिटाळलं तिनं. परत आलो, तर दोन्ही कप भरलेले आणि ती गेलेली. मला वाटलं, तिनं विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. म्हणून मी कधी विषय काढला नाही."

मसाला थापीवरून घसरून जमिनीवर पडला. तो उचलायचे भान त्याला राहिले नाही. खूण त्याने अचूक वाचली होती. कारण चुकीचे लावले होते. आयुष्यभर तो इतरांना हेच शिकवत आला होता, की भेग पाहणे सोपे असते, ती कशाने पडली ते ओळखणे अवघड.

"अजूनही जा," काका म्हणाले. "हे मी भरतो. जसं जमेल तसं."

तो गेला. डोंगरावरच्या रुग्णालयाच्या बागेत, झाडाखालच्या बाकावर ती त्याच्या शेजारी येऊन बसली. जरा भरल्यासारखी वाटत होती, शांत वाटत होती. त्याने वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये सोडून दिली.

"मला कळलं नाही," तो म्हणाला. "काच... का फोडलीत, ते. परवा कळलं."

दूरवर कुणीतरी रुग्णांना फुंकर घालायला शिकवत होते. एकामागून एक लांब उसासे ऐकू येत होते.

"मला वाटलं, कळलं असून तुम्ही भिंतीचं नाव पुढे केलंत," ती म्हणाली. "सभ्य माणसं तसंच नाही म्हणतात."

"मी नाही म्हणालो नव्हतो. मी... थांबलो होतो."

"हो." ती किंचित हसली. "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. इथे औषधं देतात ते. तिसऱ्याच भेटीत विचारलं त्यांनी. मी म्हटलं, एवढी घाई? तर म्हणाले, तुम्ही निघून गेलात तर मी काय करू?"

त्याने मान हलवली. त्या औषधवाल्याचा त्याला राग आला नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते.

"चांगले आहेत ते?"

"चांगले आहेत." मग जरा थांबून, "भेग भरली का?"

"भरली."

"दिसते?"

"शोधणाऱ्याला दिसते."

तिने मान खाली घातली. डोळे पुसले की केस मागे केले, ते त्याने पाहिले नाही. पाहण्याचा हक्क आता आपला नाही, असे त्याला वाटले. तो उठला.

"अंगठा बरा झाला?" त्याने विचारले. तेव्हा विचारायला हवे होते, ते.

तिने अंगठा पुढे केला. पेरावर एक बारीक पांढरी रेघ होती. "काही झालं नव्हतं. एवढीशी तर काच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपल्या कार्यालयात परतला. सगळे गेले होते. त्याने कपाटातून काचेची एक पट्टी काढली, दोन्ही टोकांना आधार दिला आणि मधोमध अंगठा ठेवून दाबला. काच तुटली नाही. त्याने जोर वाढवला. बोट पांढरे पडले, मनगट थरथरले; काच तशीच. इतकी वर्षे त्याने या पट्ट्या बसवल्या होत्या, भिंत सरकताना त्या क्षणात फुटतात हे त्याला माहीत होते. माणसाच्या हाताला त्या किती जड जातात, हे त्याने कधी अजमावले नव्हते.

मग तो उभा राहिला आणि आपले सगळे वजन त्या एका अंगठ्यावर घातले.